एक तबकडी, किती कप्पे?

संगणकाच्या तबकडीचे विभाग पाडावेत कीं ती अखंड ठेवावी, हा प्रश्न युनिक्स व तिच्या वळणावर घडलेली लिनक्स ह्या प्रणालींच्या अभ्यासकापुढें आरंभींच उभा राहतो. ह्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं विभागणीची चाल कशी पडली, हें पाहूं.

युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. तिचे प्रमुख कर्ते केन टॉम्सन व डेनिस रिची ह्यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आपल्या यंत्राचें वर्णन दिलें आहे. प्रणालीची मूळ डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा पहिला कप्पा, अवघ्या १ मेगाबाइटच्या तबकडीवर होती, आणि लोकांच्या फायली दुसऱ्या मोठ्या तबकडीवर होत्या. एका तबकडींत सारें मावत नसे, म्हणून वांटणी झाली. पुढें यंत्र सुरू होण्यास लागणारे मोजके प्रोग्राम 'बिन' ह्या डिरेक्टरींत व बाकीचे 'युएसआर'मध्यें, अशी रीत पडली.

आज ती टंचाई उरली नाहीं. शिवाय हीं दोन्ही ठिकाणें परस्परांवर अवलंबून असतात. एकाची आवृत्ति बदलली आणि दुसऱ्याची राहिली, तर यंत्र अडतें. म्हणून फेडोरानें २०१२ सालीं व डेबियननें २०२३ सालीं आपल्या नव्या आवृत्तींत 'बिन'चा समावेश 'युएसआर'मध्यें केला. जें एकत्र बदलतें तें एकत्र ठेवावें, हा पहिला नियम.

मग विभाग मुळींच नकोत काय? तसें नाहीं. 'व्हार' डिरेक्टरींत यंत्राच्या दैनंदिन नोंदी सांठतात. एखादा प्रोग्राम बिघडून अखंड नोंदी लिहूं लागला, तर अखंड तबकडी भरून जाते, आणि विद्यार्थ्याचा अर्धा लिहिलेला निबंधही जतन होत नाहीं. 'व्हार' वेगळी असल्यास पूर तेवढ्याच कप्प्यांत कोंडला जातो. 'होम'मध्यें आपलें स्वतःचें लेखन असतें. ती वेगळी असल्यास प्रणाली नव्यानें बसवितांना, तो विभाग न पुसण्याची काळजी घेतली म्हणजे, वर्षाचें काम सुरक्षित राहतें. जें अनावर वाढतें आणि जें पुन्हा मिळणार नाहीं, तें वेगळें ठेवावें, हा दुसरा नियम.

मात्र कप्पे फार झाले, तर एक तुडुंब भरतो व शेजारचा रिकामा पडतो. म्हणून आरंभीं थोडी जागा कोणासही न देतां राखून ठेवावी. पुढें जेथें गरज पडेल तेथें ती जोडतां येते. घरच्या यंत्रावर 'होम' तेवढी वेगळी असली तरी पुरे. अनेकांची सेवा करणाऱ्या यंत्रावर 'व्हार'ही वेगळी असावी.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. विभाग म्हणजे प्रत नव्हे. तबकडीच निकामी झाली, तर तिच्यावरचे सारे कप्पे एकदमच जातात. ज्याला आपलें लेखन प्रिय आहे, त्यानें त्याची दुसरी प्रत निराळ्या तबकडीवर आजच करून ठेवावी.