कुंडीतील अंजीर आणि मुळांवरील गाठी

पानगळ पुरी झाल्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचा काळ हा नागपुरात कुंडीतील अंजिराची मुळे छाटण्याचा काळ होय. मुळे किती छाटावीत, छाटणीनंतर पाणी केव्हा द्यावे, हे या दिवसांतले नेहमीचे प्रश्न. परंतु यंदा ते मागे पडून एकच तक्रार वारंवार कानी येत आहे, ती अशी की कुंडीबाहेर काढलेल्या मुळांवर जागोजाग गाठी आढळतात. हा सूत्रकृमींचा उपद्रव आहे, आणि त्याची दखल आजच घेतली नाही तर वैशाखात झाड हातचे जाईल.

या गाठी मुळाला बाहेरून चिकटलेल्या नसतात. मूळच आतून फुगलेले असते, म्हणून नखाने खरवडून त्या निघत नाहीत. ताजी गाठ धारदार पात्याने कापून भिंगाखाली धरली असता आत बारीक, शुभ्र, वाटोळे ठिपके दिसतात. त्या कृमींच्या माद्या. एकेक मादी शेकडो अंडी घालते, आणि माती उबदार असली की सुमारे महिनाभरात नवी पिढी तयार होते. गाठाळलेल्या मुळाला पाणी व अन्न वर पोचवणे साधत नाही. सबब थंडीत निरोगी भासणारे झाड, पारा 45 अंशांवर चढला की, ओल्या मातीत उभे असूनही भर दुपारी माना टाकते, आणि मालक पाणी कमी पडले असे समजून त्यावर आणखी पाणी ओततो.

धंतोलीतील एका निवृत्त गृहस्थांच्या गच्चीवरील झाड या संदर्भात नेहमी आठवते. पाने लहान पडू लागली म्हणून त्यांनी प्रथम युरिया घातला, नंतर कुणाच्या सांगण्यावरून आंबट ताक, पुढे हळदीचे पाणी, अंड्यांची टरफले आणि चहाचा चोथा. कुंडी उलटी केली तेव्हा हळकुंडांसारखी जाड, वेडीवाकडी मुळे हाती आली. अन्न शोषणाऱ्या पांढऱ्या मुळ्यांचा मागमूसही नव्हता. चौकशीअंती कळले की माती परसातील वांग्यांच्या वाफ्यातून आणली होती, आणि मोकळी जागा वाया जाऊ नये म्हणून झाडाच्या बुडाशी टमाट्याची रोपेही लावली होती. वांगी, टमाटे, भेंडी ही या कृमींची आवडती पिके. त्यांच्या वाफ्यातील माती अंजिराच्या कुंडीत भरणे म्हणजे रोग स्वहस्ते आणून ठेवणे होय. जे ताकाने व चोथ्याने बरे होणार नाही त्यावर महिने दवडण्याची ही सवय आता सुटली पाहिजे. तसेच घरची मुले ज्या झाडाची फळे खातात, त्याच्या कुंडीत दाणेदार विष टाकण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

गाठी थोड्या व कडेच्या बारीक मुळांपुरत्याच असतील, तर सर्व माती धुऊन काढावी, गाठाळलेले प्रत्येक मूळ छाटावे आणि स्वच्छ माती, मुरूम व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात दोन मुठी निंबोळी पेंड घालून झाड पुन्हा लावावे. याने उपद्रव आटोक्यात राहतो, समूळ नाहीसा होत नाही. म्हणून पुढील हिवाळ्यात मुळे पुन्हा तपासावीत. जाड मुळेही गाठाळली असतील तर त्या झाडाचा मोह सोडावा. हे कृमी मुळांत राहतात, फांद्यांत नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांद्या कापून नव्या मातीत लावल्यास तीच जात निरोगी मुळांवर पुन्हा उभी राहते. छाटलेली मुळे वाळवून जाळावीत, खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. करवत व सिकेटर प्रत्येक झाडानंतर धुऊन पुसावे. जुनी माती पोत्यांत बांधून एप्रिलअखेरपर्यंत वेगळी ठेवावी, मग ओली करून गच्चीवर वीतभराहून कमी जाडीच्या थरात पसरावी आणि पारदर्शक प्लास्टिकने कडा घट्ट दाबून नवतपा संपेपर्यंत झाकावी. नागपूरच्या उन्हाचा याहून चांगला उपयोग नाही.

निरोगी झाडांबाबत थोडक्यात सांगणे पुरे. दर दोन-तीन वर्षांनी मुळांच्या गोळ्याच्या कडेचा व तळाचा दोन-तीन इंचांचा थर करवतीने काढावा, गोल फिरलेली जाड मुळे तोडावीत, त्या मानाने फांद्याही कमी कराव्यात, तीन आठवडे सावली द्यावी आणि नवी पालवी स्थिरावेपर्यंत खत देऊ नये. कापताना निघणारा चीक कातडीला झोंबतो, तेव्हा हातमोजे घालावेत. पुरंदरच्या बागायतदारांचा खट्टा व मीठा बहाराचा हिशेब शेतातील झाडांसाठी आहे. तो पाहून कोणी मे-जूनमध्ये कुंडीतील मुळांना हात लावू नये. डोळे फुगू लागल्यावर, फेब्रुवारीअखेर, केलेली मुळछाटणीही येथील उन्हाळ्यात झाडाला मानवत नाही.

अंजिराचे मुळासकट रोप शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेट देण्याची आपली रीत चांगली असली तरी हा उपद्रव गच्चीगच्चीवर पोचण्याची तीही एक वाट आहे. म्हणून सर्व कुंड्या तपासून होईपर्यंत रोप कोणालाही देऊ नये. द्यायचेच असेल तर फांदी द्यावी.