माती खावीशी वाटते तेव्हा

आरोग्य-पाठ. वाचन : मार्क ५:२५-३४

एखाद्याने घोटाळा केला, अब्रू घालवली, की आपण म्हणतो, "त्याने माती खाल्ली." भाषेतच ही गोष्ट इतकी लाजिरवाणी झाली आहे, की जी बाई खरोखर माती खाते ती नवऱ्यालाही सांगत नाही, मग आपल्या सेविकेला कशाला सांगेल? म्हणून हा पाठ आधी सेविकांसाठी आणि पालकांसाठी आहे, आणि मग त्या बहिणींसाठी, ज्या हा अंक कुणाकडून तरी वाचून घेतील.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील वाड्यापाड्यांवर फिरताना आपण जे पाहतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी चुलीची भाजलेली माती नखाने खरवडून तोंडात टाकते, कुणी सारवलेल्या भिंतीचे पापुद्रे. कुणी राख किंवा कोळसा चघळते. पोरे पाटीवरची पेन्सिल आणि खडू खातात, आणि पेन्सिलीचा पुडा फक्त पोरेच संपवतात असेही नाही. कच्चे तांदूळ मुठीमुठीने खाणे हा त्यातलाच प्रकार, फक्त तांदूळ हे अन्न असल्यामुळे तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. "पहिला पाऊस पडला का मातीचा वास येतो, मग हात राहत नाही," असे बाया हसत हसत सांगतात. ते हसणे लाज झाकण्यासाठी असते.

जे अन्न नाही ते खाण्याची अशी ओढ महिनाभर किंवा त्याहून जास्त टिकली, तर डॉक्टर तिला 'पायका' म्हणतात. हे लॅटिन नाव एका पक्ष्यावरून पडले आहे. युरोपातला तो कावळ्याच्या कुळातला पक्षी दिसेल त्यात चोच घालतो अशी त्याची ख्याती. रांगते मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, तो आजार नव्हे. दीड-दोन वर्षांनंतरही ते मूल मुद्दाम माती शोधून खात असेल, तर मात्र लक्ष द्यायला हवे.

गरोदरपणातल्या ओढीला आपण डोहाळे म्हणतो. चिंच, कैरी, आंबा यांचे डोहाळे कौतुकाने पुरवले जातात. मातीचा डोहाळाही फार जुना आहे. कालिदासाच्या रघुवंशात राणी सुदक्षिणा गरोदरपणी माती खाते, तिच्या मुखाला मातीचा सुगंध येतो आणि राजा दिलीपाला तो आवडतो. कवी त्याचा अर्थही लावतो, की हिचा पुत्र पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून आईला आधीच पृथ्वीची चव घ्यावीशी वाटली. राणीने माती खाल्ली तर ते राज्याचे चिन्ह, आणि ठाकरवाडीतल्या सुनेने खाल्ली तर तिला खोड म्हणायचे, हे काही बरे नाही. दोघींच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच आहे : हिच्या अंगात रक्त किती आहे?

माती खाणे आणि रक्तातले लोह कमी असणे या दोन गोष्टी फार वेळा एकत्र सापडतात. आधी लोह कमी होते म्हणून मातीची ओढ लागते, की माती खाल्ल्याने लोह कमी होते, यावर जाणकारांत वाद आहे. आपल्या कामापुरते एवढे कळले तरी पुरे, की हे चक्र दोन्हीकडून फिरते. काही प्रकारची चिकणमाती पोटात गेल्यावर अन्नातले लोह धरून ठेवते आणि ते रक्तात जाऊ देत नाही. मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात. अनवाणी चालताना हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. म्हणजे रक्त कमी, म्हणून माती, आणि मातीमुळे आणखी रक्त कमी.

रक्ताची ही कमतरता काही दोन-चार घरांतली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के रक्तक्षयी आढळली.

माती खाणाऱ्या एका रुग्णाकडे नीट पाहिले म्हणून वैद्यकशास्त्रात मोठा शोध लागला, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असावी. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणमधील शिराझ येथे काम करत होते. त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला दहा वर्षांचा, अंगात रक्त नाही, पोट वाढलेले, आणि रोज जवळजवळ अर्धा किलो माती खायचा. जेवण म्हणजे बिनखमिराची भाकरी. मांस-मासळी जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढले नाही, तो काय खातो आणि काय खात नाही हे विचारले. असे आणखी रुग्ण तपासून त्यांनी १९६१ साली लिहिले, की लोहाबरोबर जस्ताचीही कमतरता माणसाची वाढ खुंटवत असावी. पुढे ते खरे ठरले. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा एक घटक असतो, तो लोह आणि जस्त दोन्हींना बांधून ठेवतो. नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या आपल्या माणसांनाही ही गोष्ट लागू आहे. भाकरी वाईट नाही, पण ती एकटी पुरत नाही.

आता धोके. माती पोटात साठली तर बद्धकोष्ठ होते, आणि फार साठली तर आतडे बंद पडते. पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, शौच आणि वाराही होत नाही, अशा वेळी एरंडेल पाजत बसू नये. १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठावा. पाड्याभोवतीच्या मातीत माणसांची आणि जनावरांची घाण असते, शेतातल्या मातीत खते आणि औषधांची फवारणी. जुन्या रंगाचे पोपडे किंवा फुटक्या बॅटरीजवळची माती खाणाऱ्या मुलाच्या अंगात शिसे जाते आणि शिसे मेंदूची वाढ बिघडवते. केस गिळणाऱ्या मुलींच्या पोटात केसांचा गोळा होतो, तो शस्त्रक्रिया करूनच काढावा लागतो. पाटीची पेन्सिल त्यामानाने सौम्य वाटते, पण तिने दात झिजतात आणि भूक मरते.

सगळ्यात मोठा धोका मात्र मातीत नाही, माती ज्याची खूण आहे त्या रक्तक्षयात आहे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या वर हवे. ७ च्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय. बाळंतपणात थोडेफार रक्त जातेच. चांगल्या रक्ताची बाई ते सोसते. जिच्या अंगात ६ हिमोग्लोबिन आहे तिला तेवढेच रक्त जाणे जिवावर बेतू शकते. कुमशेत किंवा पाचनईसारख्या गावातून पावसाळ्यात राजूरला रुग्ण आणायचा म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ही बाई सातव्या-आठव्या महिन्यात नव्हे, चौथ्या महिन्यातच सापडली पाहिजे. आणि ती सापडण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे तिच्या मातीबद्दल आपल्याला कळणे.

इथे आपण बहुतेक वेळा चुकीच्या बाजूने सुरुवात करतो. मुलाचे हात बांधणे, तोंडाला मिरची लावणे, सुनेला चारचौघांत बोलणे. वेस्ट इंडीज आणि ब्राझीलमधल्या मळ्यांवर माती खाणाऱ्या गुलामांच्या तोंडाला मळेवाले धातूचे मुखवटे ठोकत असत. त्यांची उपासमार आणि पोटातले जंत कुणी पाहिले नाहीत. मुखवट्याने रक्त वाढत नाही. मिरचीनेही नाही.

मार्काच्या पाचव्या अध्यायातली स्त्री आपण नेहमी विश्वासाच्या पाठासाठी वाचतो. या वेळी तिच्या शरीराकडे पाहा. बारा वर्षे रक्त जात होते. म्हणजे ती फिकी, थकलेली, चालताना धाप लागणारी असणार. वैद्यांवर सगळा पैसा संपला आणि दुखणे वाढतच गेले. तिच्या समाजात तिचा आजार अशुद्ध मानला जाई, म्हणून ती समोरून येत नाही, गर्दीत मागून येऊन वस्त्राला हात लावते. ती बरी झाल्यावर प्रभू तिला तसेच जाऊ देऊ शकला असता. तो थांबतो आणि विचारतो. ती भीत भीत सगळी हकिकत सांगते, तो ती ऐकून घेतो आणि तिला मुलगी म्हणून हाक मारतो. याईराची मुलगी मरायला टेकली असताना तो एका बाईच्या दुखण्यासाठी वाटेत थांबला, हे मला त्या उताऱ्यातले सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी वाटते. गृहभेटीचे रजिस्टर भरायच्या घाईत आपल्याला एवढे थांबायला जमत नाही.

म्हणून विचारायचे कसे, तर एकटीला गाठून, सासू आणि पोरांसमोर नव्हे. "तू माती खातेस का?" असे विचारले तर उत्तर "नाही" येणार. "ताई, तोंडाला चव आहे का? जेवण सोडून दुसरे काही चघळावेसे वाटते का? खूप जणींना वाटते, अंगात रक्त कमी असले का असे होते," असे म्हणावे. मग तिच्या डोळ्याची खालची पापणी, तळहात, नखे पाहावीत. चढ चढताना धाप लागते का, ते विचारावे. मिश्री लावते का, हेही विचारावे. जाळलेल्या तंबाखूने पोटातल्या बाळाचे वजन घटते.

पुढचे काम हिमोग्लोबिन तपासण्याचे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी मोफत असते, तिथे तिच्यासोबत जावे. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस द्यायची असते. रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन देतात, फारच कमी असेल तर शिरेतून लोह देतात. गोळ्या घराघरांत पोचतात, पण किती पोटात जातात हा प्रश्नच आहे. मळमळते म्हणून बाया त्या सोडून देतात. त्यांना रात्री जेवणानंतर घ्यायला सांगावे. शौच काळे होते, त्याला घाबरू नये. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. आणि चहा! जेवणावर किंवा गोळीवर लगेच चहा घेतला तर लोह वाया जाते. निदान तासभर थांबावे. चहावाचून आपल्या लोकांचे चालत नाही हे मान्य, पण तास एवढा मोठा नसतो.

जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या मोहिमेत अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना मिळते. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ती घेऊ नये, नंतर डॉक्टरांना विचारून घ्यावी.

जेवणाविषयी आपल्या लोकांना शहरातून शिकवायला जाण्याची गरज नाही. नाचणी, मोड आलेले वाल आणि मूग, शेवग्याचा पाला, कुरडू, राजगिरा, ओढ्यातले खेकडे, सुकट, करवंदे, आवळे हे सगळे डोंगरातलेच. धान्य-कडधान्य भिजवले, मोड आणले किंवा आंबवले की फायटेट कमी होते, म्हणजे नाचणीची आंबील ही आजीबाईंची शहाणी रीत आहे. जोडीला लिंबू किंवा आवळा असला की लोह जास्त अंगी लागते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो असलेच गावठी बियाणे जपल्याबद्दल. अमृत आहार योजनेत शेवटच्या तीन महिन्यांच्या गरोदर आणि सहा महिन्यांपर्यंतच्या बाळंतिणीला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. ते तिने तिथेच बसून खावे. डबा घरी नेला की तो चार तोंडांत वाटला जातो.

कुटुंब मजुरीसाठी नारायणगावकडे किंवा ऊसतोडीला गेले की हे सगळे तुटते. जाण्यापूर्वी तिच्या हातात गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड दिले आहे ना, हे पाहणे आपल्या हातात आहे. जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीत कार्ड दाखवावे.

महिनाभर गोळ्या नीट घेतल्यावर पुन्हा जाऊन तोच प्रश्न विचारावा : "अजून खावीशी वाटते का?" पुष्कळदा ओढ कमी झालेली असते, काही वेळा हिमोग्लोबिन वाढण्याच्याही आधी. कमी झाली नसेल, तर तिला पुन्हा दवाखान्यात न्यावे. सिकलसेलची तपासणी झाली आहे का तेही पाहावे, विशेषतः भिल्ल कुटुंबांत. तो जन्मजात आजार आहे आणि लोहाच्या गोळीने बरा होत नाही. मतिमंद मुलांमध्ये ही ओढ रक्त चांगले असूनही राहू शकते. अशा घरी आईला वेगळी मदत लागते : मुलाच्या हाताशी चघळायला भाजलेले फुटाणे किंवा भाकरीचा कडक तुकडा ठेवणे, अंगण झाडून घेणे, आणि आठवड्यातून एखादा दिवस आपल्यापैकी कुणीतरी त्या मुलाजवळ बसणे, म्हणजे तिला बाजाराला जाता येईल.