कुजलेली बैठक: उघडून बघण्याआधी भाव सांगू नका!

व्हिडिओत आपण दुरुस्तीच्या कामाचं कोटेशन बघितलं. आज त्यातलं एक अवघड उदाहरण घेऊ. जुनी फायबरची बोट आहे आणि इंधनाची टाकी व बॅटरी ज्या प्लायवूडच्या बैठकीवर बसते, ती बैठक कुजली आहे.

जुन्नर-आंबेगावात बोटी कुठून आल्या, असं म्हणू नका. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे ही सगळी धरणं याच दोन तालुक्यांत. डिंभ्याच्या जलाशयात विस्थापित आदिवासी कुटुंबं सहकारी संस्था करून मासेमारी करतात. अर्थात, वल्ह्याच्या होडीला ना टाकी, ना बॅटरी. आपलं गिऱ्हाईक इंजिनवाला, आणि तो मोजकाच. त्यामुळे नुसत्या यावर दुकान टाकू नका. मंचर, नारायणगावकडे फायबरचं किंवा सुतारकाम आधीच करत असाल, तर जोडधंदा म्हणून बघा. उन्हाळ्यात पाणी उतरतं, बोट काठावर येते, हवा कोरडी असते. हंगाम तोच.

आता मुख्य अडचण. कूज वरून दिसत नाही. फायबरचा थर शाबूत असतो, पण स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपून लाकडाचा भुगा झालेला असतो. गिऱ्हाईक विचारतो, "किती घ्याल?" तुम्ही अंदाजाने ७,००० म्हणता. उघडल्यावर कळतं, कूज तळाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांपर्यंत गेलीय. आता मजुरी घरातून जाणार, नाहीतर भांडण होणार.

म्हणून कोटेशनचे दोन भाग करा. पहिला भाग म्हणजे उघडून तपासणी. समजा, त्याचे १,००० रुपये ठरवले, तर काम मिळो न मिळो, ते घ्यायचेच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज म्हणजे बरं, बद्द आवाज म्हणजे कूज. मग थर कापून फोटो काढा, गिऱ्हाइकाला दाखवा आणि त्यानंतरच दुसरा भाग, म्हणजे पक्का भाव, लिहून द्या. फोटो असला की घासाघीस निम्मी होते, हा माझा अनुभव.

कापण्याआधी मात्र बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, मग पॉझिटिव्ह. टाकी रिकामी करून बोटीबाहेर न्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. बोट नीट हवेशीर झाल्याशिवाय ग्राइंडरला हात लावायचा नाही. "टाकीलाही जरा वेल्डिंग मारा" म्हणाले तर सरळ नाही म्हणा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

कूज काढताना कंजूषपणा नको. कोरडं, घट्ट लाकूड लागेपर्यंत खरवडा. नवीन प्लाय आयएस ७१० मरीन ग्रेडचाच. तो स्वस्त मिळत नाही, हे भावात धरा. बसवण्याआधी सगळ्या बाजूंना, विशेषतः कडांना, इपॉक्सी पाजा. वर विणलेलं फायबर कापड घ्या. साधी चटई पॉलिस्टर रेझिनसाठी असते, ती चिकटवणारा पदार्थ इपॉक्सीत नीट विरघळत नाही.

खरी मेख स्क्रूत आहे. भोक मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातच लहान भोक पाडून स्क्रू बसवा. स्क्रू लाकडाला शिवलाच नाही, तर पाणी आत जाणार कुठून? याला एक दिवस जास्त लागतो, आणि म्हणूनच बरेच जण हे टाळतात. तो दिवस कोटेशनमध्ये वेगळा लिहा.

ॲल्युमिनियमची टाकी थेट लाकडावर ठेवू नका, अडकलेल्या ओलाव्याने ती खालून खाते. मध्ये पाणी न शोषणाऱ्या रबराच्या पट्ट्या द्या. ५० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ३७ किलो, वर टाकीचं वजन. बॅटरी खोक्यात, पट्ट्याने आवळलेली आणि टाकीच्या वर किंवा खाली कधीच नाही. अमेरिकी बोट-मानकांत ओढून बघितल्यावर बॅटरी १ इंचाहून जास्त सरकलेली चालत नाही. हीच परीक्षा गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने करू द्या, आणि मगच बिल पुढे करा.