अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक: धंदा परवडतो का?

व्हिडिओत आपण ब्रेक-ईव्हन शिकलो. आज तेच गणित एका वेगळ्या धंद्यावर लावू. अमेरिकेत गावोगावी मातीच्या ट्रॅकवर मोटारींच्या शर्यती होतात. त्यातला अर्ध्या मैलाचा, म्हणजे साधारण ८०० मीटरचा ट्रॅक दिसायला सगळ्यात भारी, पण चालवायला अवघड.

का अवघड?

पाव मैलाच्या ट्रॅकपेक्षा लांबी दुप्पट. म्हणजे माती, पाण्याचे टँकर, दिवे, कुंपण सगळंच वाढलं. वेग जास्त, म्हणून इंजिन आणि टायर लवकर झिजतात. मग कमी बजेटवाला रेसर दर आठवड्याला यायला कचरतो. गाड्या कमी झाल्या की प्रेक्षकही कमी होतात.

कमाई कुठून?

तिकीट, खाण्यापिण्याचे स्टॉल, जाहिरातींचे फलक आणि पिट पास. गाडीजवळ थांबणारे रेसर आणि त्यांची माणसंही पैसे भरून आत येतात. प्रेक्षक कमी असले तरी हे पैसे येतातच.

आता आकडे. हे फक्त समजण्यासाठी घेतलेत.

वर्षाचा स्थिर खर्च (हप्ता, कर, विमा, देखभाल): ३,००,००० डॉलर
शर्यतीच्या रात्री: २०
प्रत्येक रात्रीचा खर्च (बक्षिसं, माणसं, डिझेल): ३०,००० डॉलर
पिट पासचे: रात्रीला १०,००० डॉलर
एका प्रेक्षकामागे हातात उरतात: २५ डॉलर

एका रात्रीच्या वाट्याला स्थिर खर्च १५,०००. एकूण खर्च ४५,०००. पिटचे १०,००० वजा केले की उरले ३५,०००. भागिले २५, म्हणजे १,४०० प्रेक्षक आले तर ना नफा, ना तोटा.

आता पाच रात्री पावसात गेल्या असं धरा. स्थिर खर्च १५ रात्रींवर आला, म्हणजे रात्रीला २०,०००. आता १,६०० प्रेक्षक लागतील! माझ्या दुकानात आज न खपलेला माल उद्या खपतो. पण आज रिकामी राहिलेली खुर्ची उद्या विकता येत नाही.

मग टिकले ते कसे?

ओहायोतलं एल्डोरा बघा. अर्ल बाल्टेस हा बँड चालवणारा माणूस. तिथल्या नाचघराशेजारी त्याने १९५४ मध्ये ट्रॅक सुरू केला. १९७१ पासून तिथे 'वर्ल्ड १००' ही मोठी शर्यत होते. २००१ मध्ये तर त्याने एका शर्यतीला १० लाख डॉलरचं पहिलं बक्षीस ठेवलं. २००४ मध्ये रेसर टोनी स्टुअर्टने ट्रॅक विकत घेतला. आज एल्डोराचा भर मोजक्या, मोठ्या शर्यतींवर आहे. लांबून लोक येतात, राहतात, खर्च करतात.

दुसरं उदाहरण आयोवातल्या नॉक्सव्हिलचं. तो ट्रॅक काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर आहे, आणि जत्रा भरवणारी संस्थाच तो चालवते. मैदान शर्यतीपुरतं नाही, जत्रेलाही वापरलं जातं. शिवाय १९६१ पासून ऑगस्टमध्ये 'नॉक्सव्हिल नॅशनल्स' होते. तेव्हा त्या छोट्या गावात देशभरातून लोक येतात.

पण एक लक्षात ठेवा. मोठ्या शर्यतीचं बक्षीस आधी जाहीर करावं लागतं, तिकिटं नंतर खपतात. कर्ज काढून, पहिल्याच वर्षी अशी उडी मारली आणि नेमका त्या दिवशी पाऊस आला, तर धंदा तिथेच बसतो. या दोन्ही शर्यतींचं नाव वर्षानुवर्षांत झालंय.

तुमच्यासाठी धडा

मंगल कार्यालय असो, टर्फ असो, गणित हेच. जागा किती मोठी, हे नंतर. आधी वर्षातले पैसे देणारे दिवस मोजा. त्यातले पाव दिवस कापा. तरीही हप्ता निघतो का? निघत नसेल तर जागा लहान घ्या, नाहीतर तीच जागा दुसऱ्या कामाला लावा.

गृहपाठ: तुमच्या धंद्याचे हे पाच आकडे आज वहीत लिहा. हप्त्याच्या कागदावर सही त्यानंतरच.