जखमेवरील गोंद

बोट कापले किंवा टाच फुटली की घरातील झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब त्यावर सोडणे पुष्कळांच्या अंगवळणी पडले आहे. ही कल्पना अगदीच निराधार नव्हे. सायनोॲक्रिलेट नावाचे हे द्रव्य ईस्टमन कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर यांच्या हाती आले. व्हिएतनाम युद्धात त्याचा फवारा मारून जखमी सैनिकांचा रक्तस्राव थोपविण्यात आला. मात्र अमेरिकेने १९९८ मध्ये जखमा सांधण्यासाठी मान्य केलेला गोंद याच कुळातील निराळा, निर्जंतुक प्रकार होय.

दुकानातील गोंद बहुधा एथिल प्रकारचा असतो. तो घट्ट होताना उष्णता सोडतो, कातडीचा दाह करतो. कापसावर सांडल्यास चांगलाच चटका बसतो. परंतु अधिक गंभीर धोका जखमेच्या आत आहे. माती वा शेण लागलेली जखम बुजविली, की प्राणवायूविना वाढणाऱ्या धनुर्वाताच्या जंतूंना आयताच आसरा मिळतो. जखम प्रथम साबण व वाहत्या पाण्याने धुतली पाहिजे. ती खोल वा मळलेली असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

टाचेच्या भेगांचे मूळ बहुधा कोरड्या, जाड झालेल्या कातडीत असते. गोंदाच्या झाकणाने ती मऊ होत नाही. कोकणात कोकमाच्या तेलाचा घट्ट गोळा वितळवून भेगांत भरतात, ते अधिक शहाणपणाचे. मधुमेही व्यक्तीने मात्र ते कोमट झाल्याची खात्री दुसऱ्याकडून करून घ्यावी. पायाची जाणीव मंदावली असल्यास चटका उमगत नाही, आणि गोंदाखाली धरलेला पूही नाही.