कोंबडीच्या पोटातले जंत

कोंबडी दिवसभर चरते. दाणा टाकला की धावत येते. तरी उचलली तर हाताला हलकी लागते. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे वर आलेले असते. तुरा फिका पडतो. पंख लोंबतात. तलंग अंड्यावर यायची वेळ उलटून जाते, पण ती काही येत नाही. मग घरात म्हणतात, "हिला कुणाची तरी नजर लागली." नजर कसली! बहुतेक वेळा तिच्या पोटात जंत झालेले असतात.

औंढे हे मावळातले, लोणावळ्याजवळचे गाव. इथे पाऊस किती पडतो ते औंढेकरांना सांगायला नको. वर्षाला शंभर इंचांहून कितीतरी जास्त! पावसाचे चार महिने अंगण वाळत नाही, खुराडे वाळत नाही, उकिरडा तर नाहीच नाही. हा ओलावा भाताला मानवतो आणि जंतांनाही मानवतो. कोरड्या मुलखातल्या माणसापेक्षा मावळातल्या माणसाला ही काळजी जास्त घ्यावी लागते ती यासाठी.

आखाडात कोंबडा कापला की पुष्कळांनी हे जंत पाहिले असतील. आतड्यात शेवयांसारखे पांढरे, गोल, तीन-चार इंच लांब. ते कोंबडीच्या आतड्यात अंडी घालतात. ही अंडी इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ती शिटेबरोबर बाहेर पडतात. ओल्या, उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत ती पिकतात. दुसरी कोंबडी तिथेच माती उकरते, दाणा टिपते. दाण्याबरोबर अंडे पोटात जाते. दीड-दोन महिन्यांत त्याचा मोठा जंत होतो आणि तोही अंडी घालू लागतो. असे हे रहाट चालूच राहते.

तीन महिन्यांच्या आतल्या पिलांना याचा त्रास फार. पोटात जंतांचा गुंता झाला तर आतडे तुंबून पिलू मरतेसुद्धा. जुनी कोंबडी तग धरते. ती वरून चांगली दिसते, पण तिच्या शिटेतून अंडी पडतच असतात. म्हणजे आईच पिलांना जंत देते, तिला बिचारीला ठाऊक नसते.

दुसरे जंत चपटे, फितीसारखे. शिटेत तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे दिसले तर ते या जंताचे समजावेत. हे मातीतून थेट जात नाहीत. मुंगी, माशी, शेणातला किडा यांच्या पोटात ते आधी वाढतात. कोंबडीने किडा खाल्ला की तिच्या पोटात येतात.

"आम्ही तीच अंडी खातो, आम्हाला हे जंत होतील का?" असे बाया विचारतात. कोंबडीचे हे गोल जंत माणसाला होत नाहीत. ती भीती नको. नुकसान आहे ते पैशाचे. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. जंतांनी एक पाळी चुकली तर पंधरा-वीस अंडी गेली. गावरान अंड्याला लोणावळ्याच्या बाजारात चांगला भाव येतो, आणि तो पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातचा असतो. मिठामिरचीला, पोराच्या वहीला तोच उपयोगी पडतो.

यावर औषध आहे. पायपेराझिन नावाचे औषध जुने आणि स्वस्त. त्याने गोल जंत सुन्न होतात आणि शिटेबरोबर बाहेर पडतात. चपट्या जंतांवर मात्र ते चालत नाही. त्याला वेगळे औषध लागते. म्हणून एक काम आधी करावे. दोन-तीन कोंबड्यांची ताजी शीट कागदात बांधून जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. गुरांचे डॉक्टर ती तपासून जंत कोणते ते सांगतात. शेजारणीने आणलेली बाटली आपल्याला चालेलच असे नाही.

औषध वजनावर असते. तेव्हा जाण्याआधी आपल्या कोंबड्या मोजा. एक-दोन पिशवीत घालून काट्यावर तोला. समजा दहा कोंबड्या आहेत आणि एकीचे वजन दीड किलो. मग दहा गुणिले दीड, म्हणजे पंधरा किलो. हा आकडा डॉक्टरांना सांगा. पिले असतील तर त्यांचा हिशोब निराळा करा. चमचे किती, हे आम्ही इथे मुद्दाम लिहीत नाही. कारण एका कंपनीचे औषध कडक, दुसरीचे सौम्य. एकाचा चमचा दुसऱ्याला लावू नये.

बाटलीवरचे छापील बहुधा इंग्रजीत असते. त्याने अडून बसू नये. डॉक्टरांना म्हणावे, "साहेब, एवढे मराठीत लिहून द्या." चार गोष्टी लिहून घ्याव्या: औषधाचे नाव, किती द्यायचे, पुन्हा केव्हा द्यायचे, आणि औषधानंतर किती दिवस अंडी व मांस खायचे-विकायचे नाही. तिथेच तो कागद वाचून दाखवावा. अक्षर लागले नाही तर विचारावे. यात लाज नाही.

आता औषध दाण्यातून कसे द्यायचे ते पाहू. खरी गंमत इथेच आहे. औषध दाण्यात कालवून टाकले की धटिंगण कोंबडा आधी येतो आणि भरपूर खातो. जी तलंग जंतांनी खंगली आहे, जिला औषधाची गरज सर्वांत जास्त, ती मागे उभी राहते. कोंबड्याला औषध जास्त होते, तिला मिळतच नाही.

म्हणून असे करा. रात्री कोंबड्या खुराड्यात असतातच. सकाळी दार उघडू नका. सगळ्या भुकेल्या असतात. दर कोंबडीला एक मूठ या हिशोबाने तांदळाची कणी आणि कोंडा घ्या. आधी एका मुठीत सगळे औषध नीट चोळा. मग ती मूठ बाकीच्या दाण्यात थोडी थोडी मिसळत जा. एकदम सगळ्यात टाकले तर औषध एकाच जागी राहते. पाण्याचा हबका मारा, म्हणजे भुकटी कोंड्याला चिकटेल. दाणा एका थाळीत देऊ नका. तीन-चार पसरट भांड्यांत द्या. अशक्त असेल तिला डालग्याखाली वेगळी ठेवून तिचा वाटा तिच्यापुढे ठेवा. दाणा संपला की मगच पाणी आणि रोजचे खाणे. उरलेला औषधी दाणा उकिरड्यावर फेकू नका, पुरून टाका.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्या मोकळ्या सोडू नका. कारण जंत बाहेर पडतात ते अंड्यांनी भरलेले असतात. अंगणभर पडले तर आपणच पेरणी केल्यासारखे होईल. खुराड्यातली शीट खरवडून काढा, खोल खड्ड्यात पुरा. खाली राख किंवा चुना टाका, वर कोरडे तूस पसरा.

औषध पोटातले मोठे जंत काढते. आतड्याच्या सालीत लपलेली त्यांची पिले सुटतात आणि मातीतली अंडी तर तशीच राहतात. एकदा औषध दिले आणि महिन्या-दोन महिन्यांनी जंत पुन्हा दिसले की लोक म्हणतात, "औषध खोटे होते." औषध खोटे नव्हते, अर्धे काम राहिले होते. दोन-तीन आठवड्यांनी, कागदावर लिहिले असेल त्या दिवशी, दुसरा डोस द्यावाच. पिलांना पहिले औषध साधारण दोन महिन्यांची झाली की द्यावे. मोठ्या कोंबड्यांना एकदा वैशाखात, पावसाच्या आधी, आणि एकदा पाऊस सरल्यावर. मात्र आखाडासाठी राखलेल्या कोंबड्याचे दिवस आधी मोजा. मना केलेले दिवस संपले नसतील तर त्याला कापू नका.

जंतांवर पळसपापडी देण्याची जुनी रीत आहे. कुणी कडुलिंबाचा पाला देतात. द्यायला आमची ना नाही, पण खंगलेल्या पिलाला तेवढ्यावर ठेवू नये.

आणि सगळेच दुखणे जंतांचे नसते. पिलांच्या शिटेत रक्त दिसले तर तो वेगळा रोग, त्याला जंतांचे औषध लागू पडत नाही. मान वाकडी होऊन कोंबडी गिरक्या घेऊ लागली तर ती मानमोडी. तिला लसच हवी, आणि ती आधी टोचून घेतलेली हवी. लस द्यायची असेल तर जंतांचे औषध आठवडाभर आधी उरकावे, म्हणजे लस अंगी चांगली लागते. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मरू लागल्या तर मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका, विकू नका, नदीओढ्यात टाकू नका. त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

औषध दिले तो दिवस खुराड्याच्या फळीवर कोळशाने लिहून ठेवा. त्याखाली दुसऱ्या डोसाचा दिवस लिहा, आणि त्याखाली अंडी कधीपासून विकायची तो दिवस. पावसाने पुसले जाईल अशा बाजूला लिहू नका.