वाघाचे मुद्दल आणि व्याज

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वाघावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण वाघाला केवढे रान लागते हा प्रश्न मला शेवटी जमाखर्चाचाच वाटला.

सस्तन प्राण्याचे रक्त उष्ण. अंग उबदार राखण्यासाठी झोपेतही इंधन जळतच असते. मगर महिनोन्‌महिने उपाशी राहील, वाघाला ते परवडत नाही. दुकान बंद असले तरी भाडे चुकत नाही, तसा हा खर्च. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवले की प्राणी १६ पट वजनदार असला तर हा खर्च सुमारे ८ पटच असतो. १९६३ साली ब्रायन मॅक्नॅब यांनी हाच हिशेब प्राण्यांच्या वावरण्याच्या क्षेत्राला लावला. पाला-गवत खाणाऱ्यांपेक्षा दाणे, किडे किंवा मांस शोधत हिंडणाऱ्यांना सुमारे चौपट क्षेत्र लागते, असे त्यांना आढळले.

मला वाटले, झाले! वजन घ्यावे, क्षेत्र काढावे. पण नागरहोळेच्या वाघिणीला २० चौ. कि.मी.च्या आसपास रान पुरते आणि रशियाच्या अतिपूर्वेकडील वाघिणीला सुमारे ४०० लागते. ती काही वीसपट जड नसते. फरक जमेच्या बाजूला आहे. त्या थंड अरण्यात हरणे, रानडुकरे फार विरळ.

कर्नाटकातील व्याघ्रतज्ज्ञ डॉ. उल्लास कारंत यांचा हिशेब तर थेट आमच्या विषयातला आहे. वाघाला वर्षाला हरणाएवढी सुमारे ५० जनावरे लागतात. दरसाल शेकडा दहा गेली तरी कळप टिकतो. म्हणजे एका वाघामागे सुमारे ५०० जनावरांचे मुद्दल हवे. चोरट्या शिकारीने ते आटले की वाघाने एक तर लांब हिंडावे, नाही तर गोठ्याकडे वळावे.

माझे आजोळ खानापूर तालुक्यात, रानाला लागून. जवळ भीमगड अभयारण्य, पलीकडे गोव्याचे म्हादई, २०८ चौ. कि.मी.चे. नागरहोळेचा आकडा लावून मी म्हादईत दहा वाघिणी बसवल्या आणि मामांना वही दाखवली. मामा म्हणाले, "रान मोजलंस रे, पण भेकरं मोजलीस काय?" मी गप्प. आमच्या दाट सदाहरित रानात चरणारी जनावरे मुळातच कमी.

याच म्हादईत जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. त्याआधी त्या भागात गुरे मारली गेली होती. विष घालणे मला पटत नाही, मामांनाही नाही. पण त्यांची दुभती म्हैस वाघाने मारली तेव्हा भरपाई हाती यायला दीड वर्ष लागले, आणि तोवर मामी दूध विकत आणत होत्या. ती रक्कम माझ्या वहीत कुठेच नव्हती.